नावेचे जुने यंत्र : एक गृहपाठ



नाणेघाटाच्या माथ्यावर वसलेले घाटघर हे गाव आपणांपैकी पुष्कळांनी पाहिले आहे. प्राचीन काळी कल्याण व सोपारा या बंदरांत उतरलेला माल याच घाटाने चढून जुन्नरास येत असे. घाटातील लेण्यात सातवाहन राज्ञी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील लेख असून त्यातील संख्याचिन्हे गणिताच्या इतिहासात प्रसिद्ध आहेत. घाटमाथ्यावरील दगडी रांजण जकातीचे नाणे टाकण्यासाठी होता, असे परंपरा सांगते. समुद्रावरचा माल डोंगरावर येणे ही गोष्ट या गावास अशा रीतीने नवी नव्हे. परंतु समुद्रावरचे एक यंत्र अलीकडे तेथे आले, त्याने आम्हांस व आमच्या एका विद्यार्थ्यास जे शिकविले, ते आज सांगावयाचे आहे.

या विद्यार्थ्याचे वडील मुंबईस माथाडीचे काम करतात. त्यांनी तेथील जुन्या बाजारातून नावेस लावावयाचे एक जुने मोटारयंत्र विकत घेतले व मोठ्या खटपटीने घरी आणले. मुलाचे मामा माणिकडोह धरणाच्या जलाशयात होडी वल्हवून मासे धरतात. उलट्या वाऱ्यात वल्ही मारून त्यांचे खांदे भरून येतात, ते श्रम वाचावेत हा हेतु. यंत्र मात्र मुळीच हलेना. पैसे पाण्यात गेले, असे गावकरी हसून म्हणू लागले. आम्हांस विचारता आम्हीही यंत्र पाहिले, मान हलविली, आणि ते भंगारवाल्यास वजनावर द्यावे असा सल्ला दिला. हा सल्ला चुकीचा होता, हे प्रथमच कबूल करतो.

मुलगा मात्र ऐकेना. तेव्हा मे महिन्याच्या सुटीत आम्ही त्याच्या घरी जाऊन कामास लागलो.

हे यंत्र नावेच्या पोटात नसून मागील फळीवर बाहेरून अडकविलेले असते. वर इंजिन, मध्ये उभा दांडा, व खाली पाण्यात पंखा, अशी त्याची रचना. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमन व त्यानंतर मूळचे नॉर्वेचे ओले एव्हिन्रूड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी अशी यंत्रे लोकप्रिय केली. एव्हिन्रूड यांनी आपली यंत्रे १९०९ साली बाजारात आणली. त्यांच्या नावाने चालणारे उत्पादन २०२० साली बंद झाले. आमच्यापुढे असलेले यंत्र ‘ब्रिटिश सीगल’ या इंग्लंडातील कंपनीचे होते. १९३१ च्या सुमारास आरंभ झालेल्या या कंपनीची यंत्रे दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यानेही वापरली. १९९६ साली कारखान्यातील उत्पादन थांबले. तरीही घरी दुरुस्ती करणाऱ्यांचे या यंत्रावर प्रेम आहे, कारण त्याची रचना अत्यंत साधी आहे. ज्यास थोडे पाने व पुष्कळ धीर आहे, त्यास ते उलगडता येते.

प्रथम त्याचे कार्य समजून घेऊ. हे दोन धावांचे इंजिन होय. दट्ट्या वर जातो, तेव्हा त्याच्यावरील पेट्रोल व हवा यांचे मिश्रण दाबले जाते, आणि त्याच वेळी खालच्या पेटीत नवे मिश्रण ओढले जाते. ठिणगी पडून स्फोट होतो व दट्ट्या खाली ढकलला जातो. तेव्हा बाजूचे छिद्र उघडून जळका वायु बाहेर पडतो, व खालच्या पेटीतील ताजे मिश्रण दुसऱ्या मार्गाने वर चढते. म्हणजे प्रत्येक फेऱ्यास एक ठिणगी. यंत्र मिनिटास ३००० फेरे घेत असेल, तर सेकंदास ५० ठिणग्या पडल्या पाहिजेत. खालच्या पेटीतून पेट्रोलच जात असल्यामुळे तेथे वंगण साठवून ठेवता येत नाही. म्हणून तेल पेट्रोलातच मिसळावे लागते. या जातीच्या जुन्या यंत्रांस पेट्रोलाच्या १० भागांस तेलाचा १ भाग लागे, म्हणजे १ लिटर पेट्रोलास १०० मिलिलिटर तेल. ही गोष्ट ध्यानात ठेवावी; पुढे तिचा संबंध येणार आहे.

दट्ट्या गंजून सिलिंडरात घट्ट बसला होता. आम्ही वरच्या जड चाकास दोरी गुंडाळली व सर्व बळ एकवटून ओढली. दोरी तुटली आणि आम्ही अंगणात पाठीवर पडलो. हसू आवरून मुलगा म्हणाला, “सर, आमची आजी गंजलेल्या कुलपाला रात्री तेल पाजते नि सकाळी उघडते.” आम्ही खजील झालो. याहूनही जोर केला असता, तर दट्ट्याभोवतीची नाजूक कडी मोडली असती व यंत्र कायमचे निकामी झाले असते. मग प्लग काढून त्या छिद्रातून रॉकेल व तेल ओतले. रोज सकाळ-संध्याकाळ चाक हाताने किंचित इकडे, किंचित तिकडे ढकलून पाहावयाचे, आणि न हलल्यास सोडून द्यावयाचे, असा क्रम ठेविला. पाचव्या दिवशी चाक केसभर हलले. सातव्या दिवशी पुरते फिरले.

यंत्र उलगडताना मुलाने एक उत्तम पद्धत योजिली. प्रत्येक भाग काढताच त्याचे चित्र वहीत काढावयाचे, त्यास क्रमांक द्यावयाचा, आणि त्याचे स्क्रू त्याच क्रमांकाच्या वाटीत ठेवावयाचे. आईच्या स्वयंपाकघरातील बाराही वाट्या या कामी लागल्या. पितळी टाकीच्या तळाशी जुन्या पेट्रोलाचा डिंकासारखा थर होता, तो धुऊन काढला. कार्ब्युरेटरातील सुईएवढे छिद्र त्याच डिंकाने बुजले होते. त्यात तार खुपसली असती तर छिद्र रुंदावले असते, म्हणून ते भिजत ठेवून फुंकून मोकळे केले. या कामी आम्ही प्रथम पडवीत बसलो होतो. मुलाची आई बाहेर येऊन म्हणाली, “गुरुजी, आत चूल पेटली आहे, वास तर घरभर झालाय.” तिचे म्हणणे अक्षरशः खरे होते. पेट्रोलाची वाफ हवेहून जड असल्यामुळे जमिनीसरशी पसरत जाते व दूरच्या विस्तवासही गाठते. विज्ञान शिकविणाऱ्या आम्हांस हे चुलीजवळ उभ्या असलेल्या बाईने सांगावे लागले! तत्क्षणी सर्व सामान अंगणाच्या टोकास नेले.

आता ठिणगी. चाकाच्या आत लोहचुंबक असून ते फिरले म्हणजे तारेच्या वेटोळ्यात वीज उत्पन्न होते. तेथील दोन टोके नेमक्या क्षणी अलग होतात व प्लगमध्ये ठिणगी उडते. या टोकांवर काळा थर चढला होता. तो बारीक कागदाने पुसून टोकांमधील अंतर इंचाच्या हजारांश २०, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर, असे बसविले. प्लग यंत्राच्या लोखंडास टेकवून, पेट्रोल दूर ठेवून, दोरी ओढली. निळी ठिणगी दिसताच मुलाची धाकटी बहीण टाळ्या पिटू लागली.

राहिले थंड पाण्याचे मार्ग. यंत्र चालताना खालचा पंप पाणी वर चढवितो व सिलिंडर थंड ठेवितो. समुद्राच्या मिठाने हे मार्ग तुंबले होते. ते गोड्या पाण्याने व तारेने मोकळे केले. समुद्रावरून आणलेले यंत्र प्रत्येक वेळी गोड्या पाण्यात चालवून धुवावे, हा नियम कोणी पूर्वी पाळला असता, तर अर्धे काम वाचले असते. जुनी नळी व बुचे नवी घातली, कारण आज मिळणाऱ्या पेट्रोलात इथेनॉल मिसळलेले असते. ते जुने रबर कुजविते व हवेतील ओलावा शोषून घेते. यास्तव काम संपताच टाकी रिकामी करावी.

शेवटी यंत्र एका मजबूत लाकडी चौकटीस अडकवून त्याचा पंखा पाण्याच्या मोठ्या पिंपात बुडविला. वडील सुटी घेऊन आले होते. हसणारे शेजारीही आले होते. अकरा वेळा दोरी ओढली, काही नाही. बाराव्या वेळी यंत्र खोकले, धुराचा लोट निघाला, आणि ते गर्जू लागले. मागील छिद्रातून पाण्याची धार पडताना पाहून वडिलांनी डोळे पुसले.

परंतु, मित्रहो, धडा येथे संपत नाही. यंत्र थांबविल्यावर पिंपातील पाण्यावर इंद्रधनुष्यासारखा तेलाचा तवंग पसरलेला दिसला. दारातील म्हैस सवयीने पिंपाशी आली, तिने वास घेतला आणि तोंड फिरविले. मुलगा बराच वेळ त्या पाण्याकडे पाहत राहिला. मग वडिलांस म्हणाला, “आबा, धरणाचं पाणी खालची गावं पितात.” १०० मिलिलिटर तेलाचा हिशेब त्याने मनात केला होता. शिवाय जलाशयात मोटार चालविण्यास सरकारची परवानगी लागते, हेही आम्हांस सांगणे प्राप्त होते. वडील काही वेळ गप्प बसले. त्यांच्या मजुरीचे पैसे त्या लोखंडात होते. शेवटी ते इतकेच म्हणाले, “पाणी सगळ्यांचं आहे.” पिंपातील तवंग चिंध्यांनी टिपून घेतला, ते पाणी ओढ्यात जाऊ दिले नाही, आणि यंत्र माळ्यावर गेले. मामा अजून वल्हीच मारतात.

मग श्रम वाया गेले काय? पावसाळ्यात दोन शेजाऱ्यांचे फवारणीचे पंप बंद पडले. त्यांचे इंजिनही दोन धावांचेच. मुलाने वाट्या मांडल्या, चित्रे काढली, आणि दोन्ही पंप चालू करून दिले. पूर्वी हसलेल्या त्याच शेजाऱ्यांनी त्यास मजुरी दिली, ती त्याने आबांच्या हाती ठेविली.

पालकहो, शुभवर्तमानातील दाखल्यात धन्याचे द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या चाकराची गोष्ट आहे. देवपित्याने आपल्या मुलांच्या हातांत जे कौशल्य ठेविले आहे, ते आपण “यात काही अर्थ नाही” या एका वाक्याने पुरून टाकितो. आम्हीही तेच करावयास निघालो होतो. घरात एखादे बंद घड्याळ, शिवणयंत्र वा पंप पडला असेल, तर तो भंगारात देण्यापूर्वी मुलास एक सुटी द्यावी, बारा वाट्या द्याव्या, आणि चूल तेवढी दूर ठेवावी.