इको नॉर्मल, मग ब्लॉकेज कुठून आले?

रविवारी वंदना आटोपली की विहारात कोणी ना कोणी रिपोर्टची पिशवी आमच्यापुढे ठेवतो. "टू-डी इको नॉर्मल आहे, मग नागपूरचे डॉक्टर ब्लॉकेज का सांगतात?"

दोन्ही खरे असू शकते. इको म्हणजे छातीवरून केलेली सोनोग्राफी. तिच्यात हृदयाच्या झडपा आणि पंपिंग दिसते. पण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या जेमतेम तीन-चार मिलिमीटर रुंद. त्यांच्या भिंतीत साचलेला चरबी-चुन्याचा थर, म्हणजे प्लाक, इकोत दिसत नाही.

अँजिओग्राफीत धमनीत औषध सोडून एक्स-रेवर रक्ताची वाट पाहतात. वाट दिसते, भिंत दिसत नाही. नळाला पाणी नीट येते म्हणून पाइप आतून स्वच्छ असतोच असे नाही. प्लाक वाढतो तशी धमनी आधी बाहेरच्या बाजूने फुगते आणि आतली वाट बराच काळ मोकळी राहते.

भिंत पाहायची तर सोनोग्राफीच आत न्यावी लागते. तिला आयव्हस म्हणतात. मनगटातून किंवा जांघेतून सुमारे एक मिलिमीटर जाडीची नळी धमनीत नेतात; तिच्या टोकाला ध्वनिलहरी सोडणारे यंत्र असते. नळी सावकाश मागे ओढली की पडद्यावर धमनीचे गोल काप दिसत जातात. चुना पांढरा चमकतो, त्यामागे काळी सावली पडते. चरबी काळसर दिसते. स्टेंट किती रुंद, किती लांब हवा ते ठरवता येते, आणि बसवल्यावर तो भिंतीला नीट टेकला का हेही कळते. डाव्या मुख्य धमनीतल्या ब्लॉकेजमध्ये याचे मोल मोठे. प्रत्येकाला मात्र ती लागत नाही, आणि ही नळी महाग असते.

म्हणून घाई नसेल तेव्हा सोने मोडण्याआधी विचारा: ब्लॉकेज कोणत्या धमनीत? आयव्हस लागेल का, कशासाठी? महात्मा फुले जनआरोग्य योजनेत काय बसते? रेशनकार्ड घेऊन योजनेतील रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला आधी भेटा. स्टेंटच्या किमतीवर २०१७ पासून सरकारी मर्यादा आहे, बिल तपासा.

छातीत दाब, घाम, हाताला कळ असेल तर यातले काहीही विचारत बसू नका. १०८ ला फोन करा. वणी-उमरखेडहून थेट नागपूर गाठण्याच्या नादात वेळ घालवू नका. जवळच्या सरकारी रुग्णालयात आधी ईसीजी काढा. खर्रा खाणारा, साखरेचा रुग्ण असेल तर "गॅस असेल" म्हणून थांबूच नका.

आणि अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. दुसऱ्या डॉक्टरांना दाखवताना नुसता कागद पुरत नाही.