काकडी ते दिल्ली : पाऊण तास जातो कुठे?

प्रश्न : शिर्डी-दिल्ली विमानाच्या तिकिटावर प्रवासाला दोन तासांच्या आसपास वेळ दाखवतात. विमान ताशी आठशे किलोमीटरने उडतं म्हणतात. म्हणजे दिल्ली इथून सोळाशे किलोमीटर धरायची का?
– एक वाचक, राहुरी

उत्तर : नका धरू. सोळाशे तर रस्त्यानेही होत नाहीत. धुळे-इंदूर करत गाडीने गेलात तरी बाराशेच्या आसपास भरतात. हवाई अंतर आणखी कमी, साधारण 1,025 किलोमीटर. शिर्डीचा विमानतळ कोपरगाव तालुक्यातल्या काकडी गावात आहे, 2017 च्या ऑक्टोबरात सुरू झाला. तिथून दिल्लीपर्यंत सरळ रेघ ओढली, तर इंदूर-उज्जैन उजव्या हाताला राहतात आणि रेघ कोट्याजवळून वर सरकते.

ताशी आठशे-सव्वाआठशेचा वेग खरा, पण तो उंचावर पोचल्यानंतरचा. तुमच्या गणितात विमान दारातून निघाल्यापासूनच त्या वेगात आहे. तसं असतं तर सव्वा तासात दिल्ली आली असती. उरलेला पाऊण तास कशात जातो ते बघा.

तिकिटावरचा वेळ चाकं जागची हलल्यापासून ती दिल्लीत थांबेपर्यंतचा असतो. काकडीला 2,500 मीटरची एकच धावपट्टी आहे, गर्दीही बेताची, त्यामुळे निघताना फार खोळंबा होत नाही. उड्डाणानंतर दहा-अकरा किलोमीटर उंची गाठायला वीसेक मिनिटं लागतात आणि तेवढ्यात वेग हळूहळू वाढतो. उतरणीची गंमत तर प्रवाशाच्या ध्यानातही येत नाही. अकरा किलोमीटर उंचीवरून सावकाश खाली यायचं तर सुमारे दोनशे किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. म्हणजे विमान जयपूरच्या बरोबरीला आलं की दिल्लीची उतरण लागली! पुढे दिल्लीच्या आकाशात रांग असते. नियंत्रण कक्ष कुणाला वेग कमी करायला सांगतो, कुणाला वळसा घालायला लावतो. विमान उतरल्यावरही उभं राहायच्या जागेपर्यंत पोचायला दहा-पंधरा मिनिटं सहज जातात. हे सगळं ठाऊक असल्याने कंपन्या वेळापत्रकात थोडी सूटही धरून ठेवतात. वाटेत रांग लागली नाही तर वैमानिक ‘वेळेआधी पोचलो’ म्हणून सांगायला मोकळा.

(राहुरीहून काकडीला किती वेळ लागेल ते मात्र विचारू नका. नगर-मनमाड रस्त्यावर अंतरावरून वेळ काढायच्या फंदात आम्ही पडत नाही.)

अंतर तेच असूनही वेळ बदलतो, त्याचं दुसरं कारण वारा. मुंबई-लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. तरी जाताना येण्यापेक्षा साधारण तासभर जास्त लागतो. पृथ्वी फिरते म्हणून असं होतं, असं पुष्कळांना वाटतं. पण पृथ्वीबरोबर तिची हवाही फिरते. खरा हात आहे उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांचा. हिवाळ्यात ते उत्तर भारतावरून जोरात वाहतात. लंडनला जाताना ते समोरून येतात, परतताना पाठीवर असतात. शिर्डी-दिल्ली मार्ग जवळपास दक्षिणोत्तर असल्याने तेच वारे विमानाला बाजूने लागतात, त्यामुळे जाण्या-येण्याच्या वेळेत फरक पडतो तो थोडकाच.