मिडासचे पैसे वसूल कधी होतात?

प्रश्न : माझी दोन्ही मुलं कॉम्प्युटरवर ‘डोटा 2’ खेळतात. धाकटा जवळपास दर डावात ‘हँड ऑफ मिडास’ नावाची वस्तू विकत घेतो आणि थोरला त्याच्यावर डाफरतो, की तुझ्या हावरेपणामुळे आपण हरलो. धाकटा म्हणतो, वस्तू पैसे मिळवून देते, मग लवकर घेतलेली बरीच ना! रोज रात्री याच्यावरून जुंपते. बरोबर कोण? – एक वाचक, सांगली

उत्तर : तुमच्या घरातला हा वाद डोटा खेळणाऱ्या बहुतेक घरांत होत असावा. दोघांनाही थोडंथोडं दुखवावं लागणार आहे, तेव्हा आधी हिशेब मांडू.

खेळ न पाहिलेल्यांसाठी दोन ओळी. पाच-पाच जणांचे दोन संघ असतात. समोरच्या तळावरची मुख्य इमारत पाडली की डाव जिंकला. वाटेत ‘क्रीप’ नावाचे छोटे सैनिक सतत चाल करून येतात. क्रीपवर शेवटचा घाव जो घालेल त्याला गोल्ड मिळतं आणि त्या गोल्डमधून शस्त्रं, चिलखतं वगैरे वस्तू घेता येतात. हे गोल्ड ज्याचं त्याचं असतं. संघाची सामाईक तिजोरी नसते. भांडणाचं निम्मं मूळ इथेच आहे.

मिडास काय करतो? एका क्रीपवर वापरला की तो क्रीप जागीच मरतो, त्याचं ठरावीक गोल्ड हातात पडतं आणि अनुभवाचे गुण नेहमीपेक्षा जास्त मिळतात. मग काही वेळ थांबून पुन्हा वापरायचा. आकडे आवृत्तीगणिक थोडेफार बदलतात, म्हणून हिशेबापुरतं असं धरू : किंमत 2200, दर वापराला 160 गोल्ड आणि दोन वापरांमध्ये 90 सेकंद.

धाकटा बहुधा असा हिशेब करत असेल : 2200 भागिले 160, म्हणजे चौदा वापरांत पैसे वसूल. पहिला वापर घेतल्याघेतल्या होतो, म्हणून साधारण वीस मिनिटं. पण इथे एक गोष्ट सुटते. तो क्रीप मिडासशिवायही मारता आलाच असता आणि त्याचे साधारण 40 गोल्ड मिळालेच असते. मिडासचे 160 त्या चाळिसावर मिळत नाहीत, त्यांच्या जागी मिळतात. म्हणजे खरी जादा कमाई 120. आता एकोणीस वापर लागतात, म्हणजे 27 मिनिटं. सातव्या मिनिटाला घेतला तर मुद्दल सुटायला चौतिसावं मिनिट उजाडतं. कित्येक डाव तोवर संपलेले असतात किंवा संपायला आलेले असतात.

हेसुद्धा बटण वेळच्या वेळी दाबलं तर. तुम्ही एकदा मुलाच्या मागे उभ्या राहून पाहा. लढाई पेटली की मिडास तयार होऊन नुसता पडून राहतो, कारण लक्ष शत्रूकडे असतं आणि आसपास क्रीपही नसतो. दीडऐवजी दोन मिनिटांनी एकदा वापरला, तर सत्तावीस मिनिटांची छत्तीस झाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

थोरल्याने इतक्यात टाळ्या वाजवू नयेत. मिडास नकोसा झाला की अर्ध्या किमतीला विकता येतो. शेवटी तो विकायचाच असं धरलं, तर फक्त 1100 भरून काढायचे उरतात. त्याला दहा वापर, म्हणजे तेरा-चौदा मिनिटं पुरतात. शिवाय मिडासने हल्ल्याचा वेग थोडा वाढतो, तो वेगळाच.

मात्र जाणते खेळाडू मिडास घेतात तो मुख्यतः गोल्डसाठी नाहीच. ते पाहतात अनुभवाचे गुण. गोल्ड ठरावीक असलं, तरी अनुभव त्या त्या क्रीपच्या पटीत वाढतो. म्हणून समजणारा खेळाडू मिडास लेनमधल्या, म्हणजे चालीच्या वाटेवरच्या, किरकोळ क्रीपवर वाया घालवत नाही, जंगलातला मोठा क्रीप शोधतो. ‘इन्व्होकर’सारख्या पात्राची ताकद अनुभवाने चढणाऱ्या लेव्हलवर चालते, त्याला दोन लेव्हल आधी मिळणं मोलाचं, म्हणून त्याच्या हातात मिडास अनेकदा दिसत आला आहे. ज्याची ताकद वस्तूंवर चालते, त्याला त्याच पैशात दुसरं काहीतरी जास्त उपयोगी पडतं.

आता थोरल्याच्या रागाचं खरं कारण. ‘ब्लिंक डॅगर’ ही वस्तू 2250 ची, म्हणजे जवळजवळ मिडासच्याच भावाची. ती असली की खेळाडू एका क्षणात शत्रूच्या अंगावर उडी मारू शकतो आणि एक अख्खी लढाई फिरवू शकतो. धाकट्याने मिडास घेतला त्या मिनिटापासून पुढची आठ-दहा मिनिटं तो लढाईत जवळपास रिकाम्या हाताने येतो. कागदावर पाच विरुद्ध पाच, प्रत्यक्षात सव्वाचार विरुद्ध पाच. समोरच्या संघालाही मिडास दिसतो आणि शहाणा संघ नेमका तेव्हाच चालून येतो. आपला टॉवर, म्हणजे वाटेवरचा राखणीचा बुरूज, पडला की गोल्ड समोरच्या पाचही जणांना मिळतं. टॉवर गेल्यावर त्या बाजूच्या जंगलात बिनधास्त फिरता येत नाही, म्हणजे मिडास वापरायला क्रीपही कमी. मेलं की पदरचं गोल्डही थोडं जातं. वसुलीची सत्तावीस मिनिटं आणखी लांबतात. लग्न चार दिवसांवर आलेलं असताना विकतच्या दुधाचे पैसे वाचवायला पारडी घेऊन यावी, तसं हे होतं. पारडीत खोट काही नसते.

म्हणून प्रश्न ‘घ्यावा की घेऊ नये’ असा नसून ‘पुढची दहा मिनिटं कोणाच्या जिवावर काढणार’ असा आहे. आपल्या संघातले बाकीचे चौघं सुरुवातीला जबर असतील, शत्रूची पात्रं उशिरा फुलणारी असतील आणि लेन शांत असेल, तर सहाव्या-सातव्या मिनिटाचा मिडास चांगला. पंधराव्या मिनिटाला घेतलेला, माझ्या मते, सहसा वाया. आणि एकाच संघात दोघांनी घेतला तर बोलायलाच नको.

एक गैरसमज मात्र फार पसरलेला आहे : मागे पडलो की मिडास घ्यावा, म्हणजे भरपाई होते. मागे पडलेल्या संघाकडे वेळच नसतो आणि मिडासला हवा असतो तो वेळच. अपवाद एकच. समोरच्या संघाला तुमच्या तळावर शेवटची चढाई करायला जमत नसेल आणि डाव रेंगाळणार हे दिसत असेल, तर गोष्ट वेगळी. उलट, आघाडीवर असताना घेणंही दरवेळी शहाणपणाचं नसतं. तेव्हा दाब वाढवून डाव संपवायचा असतो आणि ब्लिंक हातात असलेला बरा.

मधला मार्गही आहे. ‘बॅटल फ्युरी’ सारखी वस्तू कमाई आणि लढाई दोन्हींना चालते : एका घावात आसपासचे क्रीपही मरतात म्हणून गोल्ड भराभर येतं, आणि ती हातात शस्त्रच असते. ‘अँटी-मेज’ खेळणारे तिच्यामागे लागतात ते यासाठी. अर्थात ती मिडासपेक्षा बरीच महाग आहे आणि तिच्यासाठी गोल्ड साठवताना तीच दहा मिनिटं पुन्हा आडवी येतात.

दोघं दुसऱ्या कुठल्या खेळाकडे वळणार असतील, तर ‘लीग ऑफ लेजंड्स’मधल्या ‘कल’चा हिशेब इतका गुंतागुंतीचा नाही. किंमत 450. दर मिनियनमागे (मिनियन म्हणजे तिथले क्रीप) एक गोल्ड जादा आणि शंभर मिनियन झाले की 350 ची घसघशीत भर. शंभर अधिक साडेतीनशे म्हणजे बरोबर 450. मुद्दल किती मिनियनांवर सुटेल हे खेळ बनवणाऱ्यांनीच ठरवून दिलंय, त्यामुळे तिथे भांडायला एवढंच उरतं, की त्या शंभर मिनियनांपर्यंत लेनमध्ये टिकता येईल का.