मद्यपान आणि क्रीडाक्षमता

बंगळुरू येथील भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या केंद्रात राष्ट्रीय हॉकी संघांची शिबिरे भरतात. उच्च दर्जाच्या प्रशिक्षणात सरावाइतकेच महत्त्व आहार, निद्रा आणि विश्रांती यांना असते. कारण सरावाने शिणलेले स्नायू विश्रांतीच्या काळातच सशक्त होतात. मद्य नेमका या पुनर्भरणावरच आघात करते.

शरीरावरील परिणाम : एक ग्रॅम मद्यार्कापासून सुमारे ७ किलोकॅलरी ऊर्जा मिळते, परंतु ती स्नायूंत ग्लायकोजेनच्या रूपाने साठत नाही. यकृत मद्यार्काच्या विघटनात गुंतल्याने नवीन ग्लुकोजची निर्मिती मंदावते. मूत्ररोधी संप्रेरकाचा स्राव घटून शरीरातील पाणी कमी होते. अनुमस्तिष्कावरील परिणामामुळे तोल बिघडतो. झोप लवकर लागली, तरी उत्तररात्री ती खंडित होते. ऑस्ट्रेलियात झालेल्या व २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, व्यायामानंतर प्रथिनांबरोबर भरपूर मद्य घेतलेल्यांच्या स्नायूंतील प्रथिननिर्मिती, केवळ प्रथिने घेतली असतानाच्या तुलनेत २४ टक्क्यांनी कमी आढळली. म्हणजेच, पौष्टिक आहाराने ही हानी पूर्णतः भरून निघत नाही.

नियमांची बाजू : १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये स्वीडनचा पेंटॅथलॉनपटू हान्स-गुन्नार लिल्येनवाल मद्यसेवनामुळे अपात्र ठरला आणि त्याच्या संघाला कांस्यपदक गमवावे लागले. ऑलिंपिकमधील उत्तेजकविरोधी कारवाईचे हे पहिले उदाहरण होय. पुढे जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने २०१८ पासून मद्य आपल्या प्रतिबंधित यादीतून वगळले. संबंधित क्रीडा महासंघांना मात्र स्वतःचे नियम करण्याची मुभा राहिली. यादीतून वगळणे म्हणजे निर्धोक ठरवणे नव्हे.

सामाजिक संदर्भ : बंगळुरूच्या आयपीएल संघाला २००८ मध्ये मिळालेले नाव व्हिस्कीच्या एका ब्रँडशी जोडलेले होते. याच शहरातील निम्हान्स या संस्थेत व्यसनग्रस्तांवर उपचार होतात. खेळाच्या आकर्षणातून मद्याची ओळख आणि मद्याच्या दुष्परिणामांवर उपचार, असा हा विरोधाभास आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ नुसार औषधी प्रयोजन वगळता मादक पेयांच्या सेवनास प्रतिबंध करण्याचा प्रयत्न राज्याने करावयाचा आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयामार्फत त्याची अंमलबजावणी करता येत नाही. म्हणूनच नवोदित खेळाडूला हे शास्त्र प्रशिक्षणाच्या प्रारंभीच शिकवणे अगत्याचे ठरते.