एक विचारू का, डॉक्टर?

अँजिओप्लास्टी होऊन घरी निघताना हातात जाडजूड फाईल असते, अँजिओची सीडी असते, गोळ्यांनी भरलेली पिशवी असते. डॉक्टर म्हणतात, ‘सगळं छान झालंय, आता काळजी करू नका.’ घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि त्याच रात्री दोन वाजता रुग्ण छातीवर हात ठेवून टक्क जागा असतो. मघाशी टोचलं ते गॅसमुळे, की स्टेंट सरकला? बायकोला उठवावं का?

स्टेंट सरकत नाही. शिंकलं, खोकलं, डाव्या कुशीवर झोपलं तरी तो जागचा हलत नाही. रक्तवाहिनीच्या भिंतीत तो घट्ट बसवलेला असतो. हे सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. तरी बहुतेक रुग्णांना ते कुणी सांगितलेलं नसतं, कारण डॉक्टरच्या लेखी तो प्रश्नच नसतो आणि ‘एवढं साधं कसं विचारायचं’ म्हणून रुग्णही गप्प बसतो. ‘काळजी करू नका’ म्हटल्यावर ज्याची काळजी खरोखर थांबली, असा माणूस मी तरी पाहिलेला नाही. हृदयरोग्याच्या भीतीला छातीतल्या कळेइतकंच वजन द्यावं, असं माझं मत आहे. डॉक्टरांनी ती विचारावी. नाहीच विचारली तर तुम्ही सांगावी.

एका बोटाने दाखवता येतं, दाबल्यावर किंवा कूस बदलल्यावर कमीजास्त होतं, सुईसारखं टोचून क्षणात जातं, असं दुखणं बहुधा स्नायूंचं असतं. याउलट छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटतं, कळ जबड्यात, खांद्यात, पाठीत जाते, घाम फुटतो, धाप लागते, तेव्हा विचार करत बसू नका. सॉर्बिट्रेट लिहून दिलेली असेल तर आधी खाली बसा, मग गोळी जिभेखाली ठेवा. उभ्याने घेतल्यास रक्तदाब उतरून चक्कर येते. पाच मिनिटांत आराम नाही तर १०८ला फोन करा. बायकांना कधीकधी छातीत दुखतच नाही. नुसती धाप, मळमळ, कधी न आलेला थकवा एवढंच असतं, आणि घरात त्याला ‘ॲसिडिटी’ म्हणून इनो दिला जातो. अशा बाईचं ऐकून घेऊन वेळेवर ईसीजी काढणारा डॉक्टर भेटणं हे तिचं नशीब ठरू नये, पण अजून अनेक ठिकाणी ते तसंच ठरतं.

दुसरी भीती रिपोर्टातून येते. टूडी इकोत लिहिलेलं असतं, पंपिंग ४० टक्के. रुग्ण मनात हिशेब मांडतो की साठ टक्के हृदय गेलं. परीक्षेच्या मार्कांसारखा तो आकडा वाचला जातो आणि माणूस स्वतःला नापास करून मोकळा होतो. वास्तविक निरोगी हृदयसुद्धा एका ठोक्याला आतलं सगळं रक्त बाहेर टाकत नाही; साधारण ५५ ते ७० टक्केच टाकतं. म्हणजे तुमचे ४० मोजायचे ते साठाच्या आसपासच्या आकड्याशी. शिवाय झटक्यानंतर हृदयाचा काही भाग नुसता सुन्न झालेला असतो, तो काही आठवड्यांत सावरू शकतो. म्हणून दीड-दोन महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा, पुन्हा इको करतात. पंपिंग कमी आहे म्हणजे औषधं नेमाने हवीत, मीठ हातचं राखून हवं, पापड-लोणचं-फरसाण यांची सवय सोडायला हवी. यातलं काहीही ‘तुमचं हृदय निकामी झालंय’ या वाक्यातून कळत नाही, आणि हे वाक्य रुग्णासमोर सहज बोलून जाणारे आमच्या व्यवसायात कमी नाहीत.

आपुलकी हा शिष्टाचाराचा भाग, खरा उपचार औषधांचा, असं मानणाऱ्यांनी बॉस्टनमधली एक गोष्ट आठवावी. १९५० च्या सुमारापर्यंत हार्ट ॲटॅकचा रुग्ण चार-चार, सहा-सहा आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवत. कूस बदलायची नाही, स्वतःच्या हाताने जेवायचं नाही, शौचालाही उठायचं नाही. रुग्ण खचत, आणि पायात गुठळ्या होऊन त्या फुप्फुसात गेल्याने दगावतही. सॅम्युअल लिव्हाइन या ज्येष्ठ डॉक्टरांनी त्यांना लवकर उचलून आरामखुर्चीत बसवायला सुरुवात केली. सहकाऱ्यांना तो अघोरीपणा वाटला. त्यांचे तरुण साथीदार बर्नार्ड लाऊन यांनी ते काम पार पाडलं आणि दोघांनी १९५२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. खुर्चीत बसलेला माणूस आपण मरणार नाही असं मानू लागतो, हे तिथे दिसलं. आज गुंतागुंत नसलेला रुग्ण दुसऱ्या दिवशी वॉर्डात चालतो, त्याची वाट तिथून सुरू होते.

झटक्यानंतरचं मन हा निव्वळ मनाचा मामला नसतो. १९९३ साली माँट्रिअलच्या संशोधकांनी दाखवलं, की हार्ट ॲटॅकनंतर ज्यांना नैराश्य होतं त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. नैराश्यावरच्या उपचाराने आयुष्य वाढतंच, असं पुढच्या अभ्यासांत सिद्ध झालं नाही. जगणं सुसह्य होतं, एवढं मात्र नक्की. झोप नाही, कशात रस नाही, उगाच डोळ्यांत पाणी येतं, असं पंधरा दिवसांवर चाललं तर तेही हृदयाच्या डॉक्टरांनाच सांगा.

पैशांचं बोलणं सगळ्यांत अवघड. २०१७ मध्ये स्टेंटच्या किमतीवर सरकारने मर्यादा आणली, महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी आणि बायपास बसतात. पण महिन्याच्या महिन्याला गोळ्या विकत घ्याव्या लागतात, तेव्हा कुणी एक दिवसाआड घेतो, कुणी रक्त पातळ करणारी गोळी थांबवतो. ‘गोळ्या घेता ना?’ असं विचारलं की सगळे ‘हो’ म्हणतात. ‘या आठवड्यात किती चुकल्या?’ असं विचारलं की खरं बाहेर येतं. तुम्हाला कुणी असं विचारलं नाही तरी ‘परवडत नाही’ हे सांगायला लाजू नका. बहुतेक गोळ्यांना स्वस्त जेनेरिक पर्याय असतो. ॲस्पिरिनबरोबरची दुसरी गोळी झटक्यानंतर साधारण वर्षभर द्यावी लागते. ती आपल्या मनाने, किंवा दात काढायचाय म्हणून दाताच्या डॉक्टरांच्या एका शब्दावर बंद केली, तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.

नातेवाइकांना एक विनंती. ‘त्यांच्यासमोर काही बोलू नका’ असं केबिनच्या दाराशी कुजबुजून तुम्ही प्रेमच करत असता. पण काहीतरी लपवलं जातंय हे रुग्णाला लगेच कळतं, आणि तो त्याहून वाईट कल्पना करतो. त्यांना समोर बसवून, त्यांच्याकडे बघत, सोप्या शब्दांत सांगा, असं डॉक्टरांना सुचवा. ओपीडीबाहेर साठ माणसं ताटकळत असतात, मान्य. म्हणून प्रश्न घरूनच कागदावर लिहून आणा आणि फाईल उघडण्याआधी तो कागद पुढे करा.

त्या कागदावर जवळजवळ कधीच नसलेला प्रश्न नवरा-बायकोच्या संबंधांचा. दोन जिने न थांबता, दुखणं किंवा धाप न लागता चढता येत असतील, तर बहुतेकांना ते सुरक्षित असतं. कधीपासून, हे तुमच्या डॉक्टरांनी सांगायचं. पण मेडिकलमधून परस्पर ताकदीची गोळी आणू नका. सिल्डेनाफिलसारखी गोळी आणि सॉर्बिट्रेट एकत्र आल्या तर रक्तदाब जीवघेणा खाली जातो. अशी गोळी घेतलेली असताना छातीत दुखलंच, तर संकोच न करता ॲम्ब्युलन्सवाल्याला पहिल्यांदा तेच सांगा.