कोंबडी लंगडतेय? आधी तळवा बघा, मग खुराडं

मागच्या व्हिडिओत आपण वीस कोंबड्यांचा हिशोब मांडला होता. त्यात एक गोष्ट धरलीच नव्हती, ती म्हणजे लंगडणारी कोंबडी. समजा चार कोंबड्या पायाच्या दुखण्याने अंड्यावरून उतरल्या. महिन्याला प्रत्येकी १५ अंडी आणि १२ रुपये भाव धरला, तर ७२० रुपये गेले. खाद्य चालूच!

कोंबडी लंगडली की आधी तिला उचला आणि तळवा बघा. मधोमध सूज आणि त्यावर काळी, गोल खपली दिसली तर तो ‘बंबलफूट’. तळव्याला बारीक जखम होते, तिथून जंतू आत जातात, बहुतेक वेळा स्टॅफिलोकोकस. तळवा स्वच्छ असेल आणि एक पाय पुढे, एक मागे असं पडून राहत असेल, तर दुखणं वेगळं आहे. तो मरेक्स असू शकतो. तिथे पाय शेकत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

आता घरचा उपाय. हा फक्त सुरुवातीच्या अवस्थेसाठी आहे. हातमोजे घाला, कारण हे जंतू आपल्या हातावरच्या जखमेतही जातात. दोन लिटर कोमट पाण्यात चार मोठे चमचे एप्सम सॉल्ट घाला (मेडिकलमध्ये मिळतं) आणि पाय १०-१५ मिनिटं बुडवून ठेवा. कोंबडीला ते पाणी पिऊ देऊ नका, जुलाब होतात. मग पाय कोरडा करून पोविडोन आयोडीन लावा, वर गॉझ आणि पट्टी. पट्टी घट्ट नको, बोटं सुजली तर लगेच सोडा. रोज बदला. कोंबडी वेगळी, कोरड्या जागी ठेवा.

खपली उपटायची नाही, ब्लेड तर लावायचंच नाही. हे मी अनुभवाने सांगतोय. माझ्या पहिल्या बॅचमध्ये गिरिराजचा एक भारी कोंबडा होता. त्याचा तळवा मी स्वतः कापला, पू दाबून काढायला गेलो. पण कोंबडीचा पू पातळ नसतो, पनीरसारखा घट्ट असतो, दाबून येत नाही. रक्त मात्र भरपूर आलं. आठवड्यात घोट्यापर्यंत सूज चढली आणि कोंबडा गेला. सूज मोठी असेल, गरम लागत असेल किंवा आठवड्यात फरक नसेल, तर थेट पशुवैद्यकीय दवाखाना गाठा.

अँटिबायोटिक स्वतःच्या मनाने पाण्यात टाकू नका. डॉक्टरांनी दिलं तर एकच प्रश्न नक्की विचारा: किती दिवस अंडी-मांस विकायचं नाही? तेवढे दिवस त्या कोंबडीची अंडी वेगळी काढून फेकायची. घरीही खायची नाहीत. जीव तुटतो, मान्य. पण ‘गावरान अंडं’ म्हणून जास्तीचे पैसे देणारं गिऱ्हाईक आपल्या शब्दावर घेतं.

आणि पाय बरा करून कोंबडी त्याच खुराड्यात सोडली, तर महिन्याभरात पुन्हा लंगडणार. बसायची दांडी तपासा. धारेची, खिळे निघालेली, फार उंच असेल तर बदला. साधारण दोन इंच रुंद, कडा घासलेली आणि दीड-दोन फुटांवर पुरते. भारी कोंबड्या उंचावरून धपकन उतरतात, मार तळव्यालाच बसतो. खाली भाताचं तूस मुठीत दाबून बघा. गोळा झाला तर ओल आहे. रोज उलटंपालटं करा, पाण्याच्या भांड्याजवळचं काढून नवीन टाका. पावसाळ्यात हे दुप्पट लक्ष देऊन करा. जाळीची टोकं आणि अंगणातल्या काचाही बघून घ्या.

तपासणी रात्री करा, दांडीवर बसल्यावर कोंबड्या शांत असतात. टॉर्च घ्या, एकेकीचे दोन्ही तळवे बघा, वहीत नोंद ठेवा. वीस कोंबड्यांना अर्धा तास लागतो.