आधी घाट, मग तळं

लेक टाहो हिवाळ्यात गोठत नाही, हे आधीच सांगून टाकू. बे एरियात नव्याने आलेल्या घरांतली मुलं तळ्यावर चालायचं म्हणून हट्टाने निघतात आणि काठावर पोचून हिरमुसतात. तळं १,६४५ फूट खोल आहे. वरचं पाणी गार झालं की जड होऊन खाली जातं, खालचं वर येतं, आणि गोठायला उसंत मिळत नाही. आसपासच्या लहान तळ्यांवर बर्फाचा पापुद्रा दिसतो. त्यावर मात्र कुणीही पाय ठेवू नये, मुलांनी तर नाहीच.

फ्रीमाँट, सनीवेल, सॅन रमोन इथल्या जुन्या मराठी घरांना ‘नव्यांना काय सांगाल?’ असं विचारलं तर तळ्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. सगळे बोलतात ते रस्त्याबद्दल. सॅन फ्रान्सिस्कोहून तळं साधारण २०० मैल. हवा चांगली असेल तर चार तासांचा रस्ता. वादळ आलं तर त्याचे आठ-दहा तास होतात, किंवा घाटच बंद होतो. डॉनर पासच्या बर्फ-प्रयोगशाळेत २०२२-२३ च्या मोसमात ७५४ इंच बर्फाची नोंद झाली, म्हणजे जवळजवळ ६३ फूट. १८४६-४७ च्या हिवाळ्यात याच घाटाखाली अडकलेल्या, स्थलांतरितांच्या डॉनर तांड्यातले निम्म्याच्या आसपास लोक दगावले. ट्रकीजवळच्या त्यांच्या स्मारकाचा चौथरा २२ फूट उंच आहे, त्या वर्षीच्या बर्फाइतका. जाता-येता तो मुलांना दाखवावा.

वर जायला मुख्य रस्ते दोन. उत्तर काठाला इंटरस्टेट ८०, डॉनर समिटवरून, ७,२३९ फुटांवर. दक्षिण काठाला हायवे ५०, इको समिटवरून, ७,३८२ फुटांवर. यावरून ऐंशीवाले आणि पन्नासवाले असे दोन तट पडलेले आहेत, आणि पॉटलकमध्ये हा वाद निघाला की जेवण गार होतं. आमचा कौल पहिल्या खेपेला ऐंशीला. ट्रकची गर्दी असते खरी, पण रस्ता रुंद आहे. पन्नासचा वरचा भाग अरुंद आणि वळणांचा. नजारा सुंदर, पण गाडी चालवणाऱ्याला तो दिसत नाही.

नवे लोक इथे एक घोळ हमखास घालतात. केबिन स्वस्त मिळाली म्हणून उत्तरेला घेतात आणि स्कीइंगची तिकिटं दक्षिणेची काढतात. नकाशावर पश्चिम काठाचा हायवे ८९ जवळचा दिसतो. मोठ्या बर्फात हिमकडे कोसळायच्या धोक्याने तो एमराल्ड बेपाशी बंद होतो, मग नेवाडाच्या बाजूने अख्ख्या तळ्याला वळसा घाला. तेव्हा काठ आधी ठरवा, बाकीचं नंतर.

आता बर्फात टायरवर लावायच्या चेनबद्दल. घाटात चेन कंट्रोल लागला की तीन पायऱ्या असतात. आर-१ ला टायरवर एम प्लस एस अशी खूण असलेल्या साध्या गाड्यांना चेन न लावता जाता येतं. आर-२ ला फक्त चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या आणि चारही टायर बर्फाचे असणाऱ्या गाड्यांना. या दोन्हींत चेन गाडीत हवीच. आर-३ ला कुणालाच सूट नाही, पण ती वेळ येण्याआधी बहुधा रस्ताच बंद करतात. ‘आमची ऑल-व्हील आहे, चेन कशाला?’ हे वाक्य पाटीपाशी उभ्या असलेल्या माणसापुढे चालत नाही.

चेन घरून निघण्याच्या आठवडाभर आधी, खालीच घ्या; वर गेल्यावर त्याच मालाला जास्त मोजावे लागतात. टायरच्या कडेला लिहिलेला आकडा बघून माप घ्यायचं. काही गाड्यांत चाक आणि मडगार्ड यांच्यात जागा कमी असते, त्यांना केबलवाल्याच बसतात; गाडीच्या पुस्तकात ते दिलेलं असतं. मग घराच्या ड्राइव्हवेत, कोरड्यात, उजेडात, एकदा लावून बघा. चेन जमिनीवर पसरून पीळ काढायचा, चाकावरून ओढून आधी आतला हूक अडकवायचा, मग बाहेरचा, मग ताण द्यायचा. थोडी गाडी पुढे घेऊन पुन्हा ताण. बहुतेक घरगुती गाड्यांची ताकद पुढच्या चाकांना, म्हणून चेनही पुढेच. वर हेच काम चिखलात, अंधारात, शेजारून ट्रक जात असताना करायचं असतं. गुडघ्याखाली टाकायला जुनी योगा मॅट, भांडी घासायचे रबरी हातमोजे आणि कपाळावर बांधायचा दिवा एवढं डिकीत असलं की निम्मा त्रास वाचतो. रस्त्यालगत पैसे घेऊन चेन लावून देणारी परवानाधारक माणसं असतात, अंगावर नंबराचा बिल्ला असतो. ती फक्त लावून देतात, चेन विकत नाहीत. लावल्यावर ताशी २५ ते ३० मैलांच्या पुढे जायचं नाही.

भाड्याची गाडी घेणार असाल तर करारपत्र वाचा. बऱ्याच ठिकाणी चेन लावायला मनाई असते. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांनी थंडी आणि चढ मिळून बॅटरी घरच्या अंदाजापेक्षा बरीच खाली येते हे धरून चालावं. उतरताना थोडी परत मिळते, पण त्या भरवशावर चढू नये. आणि ज्यांना हे सगळं नकोच वाटतं, त्यांनी एमरीव्हिलहून सकाळची कॅलिफोर्निया झेफिर ही आगगाडी पकडावी. ती दुपारी ट्रकीला उतरवते. उशीर होतो, पण खिडकीतून सिएराचे डोंगर बघत डब्यातल्या पुऱ्या खाता येतात. आजी-आजोबा बरोबर असतील तर आम्ही हेच सुचवू.

रस्त्याची खबर कॅलट्रान्सच्या क्विकमॅपवर बघायची, निघण्याआधी आणि मधल्या थांब्यावर. फोनमधला नकाशा हायवे तुंबला की कुठल्या तरी डोंगरी वाटेवर घालतो. तिथे ना बर्फ हटवणारा नांगर फिरतो ना सिग्नल मिळतो. हायवे सोडायचा नाही.

तारखांचं म्हणाल तर नाताळचा आठवडा, जानेवारीतला मार्टिन ल्यूथर किंग आणि फेब्रुवारीतला प्रेसिडेंट्स डे, हे लाँग वीकेंड पहिल्या खेपेला टाळाच. रविवारी दुपारी परतणं म्हणजे खंडाळ्याचा घाट, वर बर्फ. जुनी घरं सोमवारची रजा टाकूनच जातात, आणि लॅपटॉपही नेतात, कारण घाट बंद झाला तर मंगळवारची मीटिंग केबिनमधूनच करावी लागते. औषधं आणि शिधा दोन दिवसांचा जास्त. केबिन घेताना रस्ता बंद झाल्यास पैसे परत मिळतात का, हे लेखी विचारा. पुष्कळदा मिळत नाहीत.

शिधा सॅक्रॅमेंटोच्या अलीकडेच भरा. तळ्याकाठी पाणी साधारण ९४ अंशांनाच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तुरीची डाळ तासभर रटरटली तरी दाताखाली येते. कुकर न्यायचाच. फोडणीचं मात्र जपून. केबिनमधला धुराचा भोंगा मोहरी तडतडायच्या आत ठणाणा करायला लागतो. सॅन रमोनच्या एक काकू हिंग-मोहरी-हळदीची फोडणी घरीच करून बाटलीत भरून नेतात. गरम वरणावर चमचाभर घातली की झालं. खोबरेल तेल थिजतं, बाटली रात्री हीटरजवळ ठेवा.

चिवडा, लाडू, अगदी रिकामा डबासुद्धा गाडीत ठेवायचा नाही. टाहोची अस्वलं हिवाळ्यात सगळीच झोपत नाहीत, आणि गाडीचं दार उघडणं त्यांना येतं.

कपड्यांत जीन्स बाद. ती भिजली की दिवसभर वाळत नाही. आत थर्मल, मध्ये लोकर किंवा फ्लीस, वर पाणी न शिरणारं जाकीट आणि पँट. आजीने विणलेले हातमोजे घरात घाला. बर्फाचा गोळा केला की पाच मिनिटांत ओले होतात. बर्फावरून ऊन दुप्पट अंगावर येतं, म्हणून काळा चष्मा आणि सनस्क्रीन सगळ्यांना. भारतातून आलेल्या आई-बाबांना धोका थंडीचा कमी आणि निसरड्याचा जास्त. पार्किंगमध्ये काळ्या डांबरावर न दिसणारा बर्फ असतो, तिथेच माणसं पडतात. बुटांना अडकवायच्या खिळ्यांच्या पट्ट्या मिळतात, त्या घ्या, आणि आई-बाबांचा इन्शुरन्स निघण्याआधी बघून ठेवा.

पॅलिसेड्स या स्की रिसॉर्टमध्ये १९६० ची हिवाळी ऑलिंपिक झाली, नाव मोठं आहे. पण पहिल्यांदा पायात स्की बांधणाऱ्याने सोडा स्प्रिंग्ज किंवा बोरियल गाठावं. मुलांना आधी शिकवणी लावा, हेल्मेटसकट. बाबांनी स्वतः शिकवायला जाऊ नये. नुसतं घसरायचं असेल तर स्नो-पार्कमध्ये जाता येतं, पण तिथला परवाना आधी काढावा लागतो. स्की न करणाऱ्यांसाठी साउथ लेक टाहोहून हेवनलीचा गोंडोला आहे, तिथून अख्खं तळं एका नजरेत येतं.

घरी आलं की चेन पाण्याने धुऊन पूर्ण वाळवून ठेवा, नाहीतर रस्त्यावरच्या मिठाने गंज चढतो. गाडीची खालची बाजूही धुऊन घ्या. चेन वापरायची वेळच आली नसेल, तर काही टायरवाले मोसम संपल्यावर त्या परत घेतात. घेतानाच विचारा आणि पावती जपा.